कामावरून कमी केलंय? बेळगाव-सीमाभागातल्या कामगारानं पहिल्या दिवसापासून काय करावं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मला कामावरून कमी केलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो, साडेअकरा वर्षं एकाच ठिकाणी. त्या वर्षी गाड्यांचा खप पडलेला, ट्रकच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी आटलेल्या, आमच्या दोन पाळ्यांची एक पाळी झालेली. त्यात त्याच पंधरवड्यात पुरानं जिल्ह्याची दैना केली होती. मला वाटलं, एवढं सगळं बुडतंय, त्यात माझं रडगाणं कोण ऐकणार?

म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. बायको रोजच्यासारखा डबा भरून द्यायची. मी स्कूटर काढून तिसऱ्या गेटापर्यंत जायचो, तिथून मागं वळून किल्ल्याच्या तळ्याकाठी जाऊन बसायचो. नऊ दिवस तो डबा मी तिथं एकट्यानं खाल्ला. दहाव्या दिवशी तिला शेजारणीकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, मला सांगायचं तरी."

त्यानंतर आमच्या गल्लीतल्या, वडगाव-शहापूरच्या, मच्छे-काकतीच्या बऱ्याच जणांबरोबर बसून मी त्यांचे कागद बघितलेत, अर्ज लिहिलेत, फोन केलेत. नोकरी जाण्याची पाळी पहिल्यांदाच आलेल्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढं ती पुन्हा पुन्हा येणार आहे. ‘कमी केलं’ म्हणायची लाज वाटते म्हणून आपण जे जे लपवतो, त्या प्रत्येकाचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

पहिला दिवस: राजीनाम्यावर सही करू नका

ऑफिसात बोलावतात, खुर्ची देतात, चहा मागवतात. मग एक टाइप केलेला कागद पुढं सरकवतात. त्यावर लिहिलेलं असतं, ‘मी वैयक्तिक कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे.’ सांगतात, "तुमच्याच भल्याचं आहे, काढून टाकलं म्हटलं तर पुढं कुणी घेणार नाही." मला असंच सांगितलं आणि मी सही केली. त्या सहीची किंमत मला सहा महिन्यांनी कळली.

कायद्याच्या भाषेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हींना ‘ब्रेक दिला’ म्हणून मोकळे होतो. ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. तेव्हा नोकरी शाबूत असते आणि ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कपात म्हणजे कायमचं कमी करणं. राजीनामा म्हणजे तुम्ही आपण होऊन सोडून जाणं.

कपात झाली आणि तुमची सलग वर्षभराची नोकरी असली (म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेले असले), तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या वर असला की तोही पूर्ण वर्ष धरतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही हे गणित तेच राहिलं. वर नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली: कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांचा पगार नवं कौशल्य शिकण्यासाठी म्हणून ४५ दिवसांत जमा व्हायला पाहिजे.

आता हिशेब घालून बघा. पगार १८,००० रुपये, नोकरी ११ वर्षं ७ महिने, म्हणजे १२ वर्षं धरायची. वर्षाला साधारण अर्धा पगार, ९,००० रुपये. बारा वर्षांचे १,०८,००० झाले. नोटिशीचे १८,००० मिळवले की १,२६,०००. राजीनाम्यावर सही केली की हे सगळं गेलं. ‘पुढं बरं दिसेल’ याची किंमत सव्वा लाख रुपये, आणि पुढं कुणी तो राजीनामा बघतही नाही. मला तर मुलाखतीत एकदाही कुणी विचारलं नाही.

तेव्हा कागद पुढं आला की शांतपणे म्हणा, "घरी वाचतो, उद्या सांगतो." कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि पूर्ण कळत नसेल तर तसंच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. न कळलेल्या कागदावर सही करणं जास्त महाग पडतं. ‘आजच सही केली तरच हिशेब देऊ’ म्हणाले तरी बधू नका. हिशेब हा उपकार नव्हे. नव्या वेतन संहितेप्रमाणे काढून टाकलं किंवा राजीनामा दिला तरी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.

कंपनी तडजोडीचा आकडा देत असेल आणि तो वरच्या हिशेबाहून जास्त असेल, तर जरूर विचार करा. भांडण हा काही धर्म नाही. फक्त आकडा कागदावर आणि चेक हातात आल्यावरच सही करा.

सही होऊन गेली असेल तर? जबरदस्तीनं घेतली असं वाटत असेल तर लगेच, त्याच आठवड्यात, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दिला तर पुढं सरकायला सोपं जातं. पोच घ्या, शिक्का मारून घ्या. उशीर झाला की ‘राजीनामा खुशीचा होता’ हे सिद्ध करणं समोरच्याला सोपं जातं. सुपरवायझर, मॅनेजर अशा हुद्द्यावर असाल तर कामगाराची व्याख्या तुम्हाला लागू होते का, ते आधी वकिलाला विचारा. तिथं नेमणूकपत्रातल्या अटीच जास्त चालतात.

पहिला आठवडा: कागद गोळा करा

गेटच्या आत असेपर्यंत कागद मागितला की मिळतो. बाहेर पडल्यावर त्याच कागदासाठी चार हेलपाटे पडतात. नेमणूकपत्र, मागच्या किमान बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, अनुभवाचा दाखला, कामावरून कमी केल्याचं पत्र, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड, पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी न बदलणारा). हजेरी कार्ड असेल तर त्याचा फोटो काढा. ठेकेदाराकडं असाल तर नेमणूकपत्र बहुधा नसतंच. मग बँकेचं पासबुक, गेटपास, युनिफॉर्ममधला फोटो, ओव्हरटाइमची वही, काहीही चालतं.

पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी (इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल मालकानं द्यायची एकरकमी रक्कम) मिळते, राजीनामा दिला असला तरी. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वरच्याच १८,००० आणि १२ वर्षांच्या उदाहरणात ती १,२४,६१५ रुपये होते. अर्ज लेखी द्या. दिल्यापासून तीस दिवसांत रक्कम मिळायला पाहिजे. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय. शिल्लक रजेचे पैसे आणि चालू वर्षाचा बोनसही विसरू नका. वर्षात तीस दिवस काम केलेल्याला बोनस लागू होतो, दिवाळीपर्यंत नोकरीत असायलाच पाहिजे असं नाही. ‘दिवाळीला नव्हता, बोनस नाही’ असं सांगून लोकांना परत पाठवलेलं मी बघितलंय.

ईएसआय: बहुतेकांना ठाऊकच नसलेला पैसा

पगार २१,००० च्या आत असेल तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का ईएसआयला जात होता. नोकरी गेली म्हणजे ते कार्ड फेकून द्यायचं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. समजा ऑगस्टमध्ये काम सुटलं आणि एप्रिलपासून ७८ दिवसांची वर्गणी भरलेली आहे, तर पुढच्या जूनअखेरपर्यंत घरच्यांसकट दवाखाना चालू राहतो. माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या मी त्या काळात बाहेरून विकत आणत होतो. कार्ड कपाटात होतं.

दुसरं म्हणजे बेकारीचा भत्ता. २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, दोन वर्षं विमा असलेल्या आणि वर्गणीची अट पुरी केलेल्या कामगाराला सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते, आयुष्यात एकदा. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून शाखा कार्यालयात जाऊन ‘आज चालू आहे का’ हे आधी विचारा. कारखाना बंद पडला किंवा रीतसर कपात झाली असेल तर त्याहून मोठी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे: पहिलं वर्ष निम्मा रोज, दुसरं वर्ष पाव. दोन्ही एकदम मिळत नाहीत. आपल्याला कुठली बसते ते शाखेत कागद दाखवून ठरवा.

आणि इथं तो राजीनामा पुन्हा आडवा येतो. आपण होऊन नोकरी सोडलेल्यासाठी या योजना नाहीत. आमच्याच डिपार्टमेंटच्या एका टर्नरनं सही केली नव्हती, ‘कमी केल्याचं पत्र द्या’ म्हणून तो अडून बसला होता. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. त्याच्या घरी भत्ता आला, माझ्या घरी आला नाही.

पीएफ: हात लावायच्या आधी

पीएफ ही म्हातारपणाची पुंजी, पण चूल बंद पडायची वेळ आली तर ती वापरण्यात पाप नाही. फक्त पेन्शनचा भाग मोडू नका. नोकरीची वर्षं जोडत जोडत दहा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. आठ-नऊ वर्षं भरलेला माणूस चार पैशांसाठी तो भाग काढून घेतो आणि हक्क घालवून बसतो. ते पैसे काढायचा जो १०-सी फॉर्म असतो, त्याच फॉर्मवर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट (भरलेली वर्षं पेन्शनसाठी शाबूत ठेवणारा दाखला) मागता येतं.

पूर्वी दोन महिने बेकार राहिलं की सगळी रक्कम काढता यायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की ७५ टक्के लगेच काढता यावेत, उरलेले २५ टक्के बारा महिने बेकार राहिल्यावर, आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी. अर्ज सरकारच्या उमंग ॲपवरून किंवा पीएफच्या संकेतस्थळावरून करता येतो. त्याआधी आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का बघा. नावातल्या एका अक्षरासाठी अर्ज परत येतात. आपल्याकडं ही अडचण फार, कारण शाळेच्या दाखल्यावर नाव मराठी वळणाचं, रेशनकार्डावर कन्नड वळणाचं आणि आधारवर तिसरंच. काम नसलेल्या दिवसांत हे दुरुस्त करून घ्या. जुन्या कंपनीनं ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःही भरता येते.

घरी सांगा, मग हप्तेवाल्यांना सांगा

बायकोला, आईवडलांना, कळत्या मुलांना त्याच संध्याकाळी सांगा. सगळ्यांनी बसून एका कागदावर महिन्याचा खर्च मांडा. आमच्याकडं तो कागद माझ्या मुलीनं मांडला, आठवीत होती तेव्हा. स्वतःची एक शिकवणी तिनं आपणच खोडली. मला फार लागलं ते. पण त्या रात्री मला दहा दिवसांनी पहिल्यांदा झोप आली.

घरकर्ज, सोसायटीचं कर्ज, गाडीचा हप्ता असेल तर हप्ता थकायच्या आधी जाऊन मॅनेजरला भेटा. आपल्या भागातल्या पतसंस्था माणूस बघून वागतात. आधी आलेल्या माणसाला मुदत वाढवून मिळते, तोंड लपवणाऱ्याच्या दारात वसुलीवाला येतो. सोनं विकायची घाई नको. तारण ठेवायचंच तर बँकेत किंवा ओळखीच्या सोसायटीत ठेवा आणि व्याज महिन्याला किती ते विचारून लिहून घ्या. भिशी चालू असेल तर गटाला खरं सांगा. बहुतेक वेळा तुमचा नंबर आधी लावून देतात. घरातल्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल आणि वसुलीवाले दारात येऊन धमकावत असतील, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं त्याविरुद्ध वटहुकूम काढलाय हे ध्यानात ठेवा. पोलिसांत तक्रार होते.

रेशन, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे घरातल्या बाईला मिळणारे दोन हजार, जे घरात येतं ते चालू राहील हे बघा. युवानिधीच्या नादाला मात्र लागू नका. ती योजना नुकतेच पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी आहे.

दिवस रिकामा गेला की मन खायला उठतं. सकाळी नेहमीच्या वेळेला उठा, दाढी करा, बाहेर पडा. दारूच्या कोंडाळ्यापासून दोन महिने तरी लांब राहा. तिथं सहानुभूती भरपूर मिळते, काम कधी मिळत नाही. झोप उडाली, जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे. सरकारी सेवा आहे, आपल्या भाषेत बोलता येतं. घरच्यांनीही हा नंबर जवळ ठेवावा.

काम कुठं शोधायचं

इथं सीमाभागातल्या माणसाची बाजू भक्कम आहे. एका घरातून तीन राज्यांत कामाला जाता येतं असा आपला मुलूख आहे. त्याचा नकाशा डोळ्यांसमोर मांडा.

घराजवळ उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती, होनगा. ओतकाम, मशीनिंग, हायड्रॉलिक्स, पंप-व्हॉल्व्हचे भाग. इथल्या छोट्या युनिटांत वर्तमानपत्रातली जाहिरात फार थोड्या जागांची येते. बाकी जागा चहाच्या टपरीवर भरतात. पाळी सुटायच्या वेळेला, दुपारी आणि संध्याकाळी, तिथं उभं राहा. कोण नवं मशीन बसवतोय, कुणाचा ऑपरेटर गोव्याला गेला, हे तिथं आधी कळतं. गेटवरच्या ‘पाहिजेत’ च्या पाट्या वाचत एक पूर्ण दिवस चालत फिरा, गाडीवरून नको.

महामार्गानं पुण्याच्या दिशेला गेलं की हत्तरगी. तिथल्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांच्या भागांचं काम चालतं. अचूक मोजमापाची सवय असलेला क्वालिटीचा माणूस आणि सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनं) चालवणारा ऑपरेटर यांना तिथं मोल आहे. अजून वर निपाणी. तिथल्या माणसाला तर कागल आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी बेळगावपेक्षा जवळ. बेळगावच्या पश्चिमेला हद्द ओलांडली की चंदगड तालुक्यातलं शिनोळी, पुढं हलकर्णी. मला काम शिनोळीत लागलं. खाली चोर्ला घाटातून गोवा, तिथं वेर्ण्याची औद्योगिक वसाहत. दक्षिणेला धारवाड-हुबळी. चिकोडी-अथणीकडचे असाल तर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतो. फिटर, वेल्डर, बॉयलर, लॅब यांची हंगामी भरती त्याच्या आधी होते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अर्ज देऊन ठेवा.

हद्दीपलीकडं काम धरताना दोन गोष्टी बघा. पीएफचा यूएएन आणि ईएसआयचा नंबर देशभर एकच असतो, तोच द्या, नवा काढू देऊ नका. आणि जाण्यायेण्याचं साधन एसटीवर सोडू नका. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या बंद होतात, आणि त्या दिवशी खाडा तुमचा पडतो. चारजण मिळून गाडी ठरवा, नाहीतर कंपनीची बस आहे का ते विचारूनच हो म्हणा.

सरकारी नोकरीच्या वयात असाल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, पंधरा वर्षांचं वास्तव्य असलेल्या उमेदवारांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो. वास्तव्याचा दाखला मिळायला वेळ लागतो, जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा.

लोकांना सांगायचं कसं

‘काहीतरी काम बघा हो’ असं म्हटलं की समोरचा ‘बघू’ म्हणतो आणि विसरतो. त्याच्या डोक्यात चित्र उभं राहील असं सांगा. "साडेअकरा वर्षं क्वालिटीत आहे, क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह बॉडी दोन्ही तपासलेत, मोजमापाचं सीएमएम मशीन चालवतो, तिन्ही पाळ्या चालतील, शिनोळीपासून हत्तरगीपर्यंत कुठंही येतो." एवढं ऐकलं की त्याला नेमका माणूस आठवतो.

एक वही करा. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला कधी बोललो आणि काय म्हणाले. जुने सुपरवायझर, इन्स्पेक्शनला येणारे गिऱ्हाईकाचे लोक, टूल विकणारे, मशीन दुरुस्तीला येणारे, टेम्पोवाले. टेम्पोवाला रोज दहा कारखान्यांत माल उतरवतो, त्याच्याइतकी खबर कुठल्याच संकेतस्थळाला नसते. माझं काम ओतकामाचे पॅटर्न (साचे) बनवणाऱ्या एका मामांनी सांगितलं. मी त्यांना फोन करायला दीड महिना लावला होता, कारण त्यांच्यासमोर ‘मला काढलं’ म्हणायचं जिवावर आलं होतं. त्यांनी ऐकल्याबरोबर विचारलं, "मग इतके दिवस काय करूलास?" शिनोळीतल्या त्या युनिटाला महिनाभर माणूस मिळत नव्हता.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती रोज बघा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि कर्नाटकाचं स्किल कनेक्ट, दोन्हींवर नाव नोंदवा, पैसे लागत नाहीत. पण त्यावर विसंबून घरी बसू नका.

कन्नडचं काय

स्पष्ट बोलतो. बेळगाव शहरात मराठीवर दिवस निघतो, पण होनगा-हत्तरगीला, धारवाडला, आणि कुठल्याही सरकारी कार्यालयात कन्नड लागतं. वयाच्या चाळिशीनंतरही कामापुरतं येतं. ‘केलस ऐती?’ म्हणजे काम आहे का. ‘संबळ एष्ट?’ म्हणजे पगार किती. ‘यावाग बरली?’ म्हणजे कधी येऊ. एवढ्यावर सुरुवात होते, चुकलं तरी समोरचा हसून सावरून घेतो. फलकावरची अक्षरं वाचायला महिनाभर पुरतो, मुलं शाळेत शिकतात, त्यांच्याजवळ बसा. मराठीसाठी तळमळणारा माणूस आहे मी, दोन्ही भाषा बोलणाऱ्या सुपरवायझरला पगार जास्त मिळतो हेही मी बघितलंय.

बायोडाटा आणि ट्रायल

बायोडाटा इंग्रजीत, एक पान, पीडीएफमध्ये. वडलांचं नाव, धर्म, उंची यांनी जागा अडवू नका. मशीनचं नाव, कंट्रोल फानुक की सिमेन्स, किती मायक्रॉनपर्यंतचं काम केलं, कुठली मोजमापाची साधनं येतात, किती माणसं हाताखाली होती. ओतकामातला असाल तर मोल्डिंग की कोअर की फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई), आणि कुठला धातू. मधला रिकामा काळ लपवू नका. ‘ऑर्डर कमी झाल्यानं कपात, ऑगस्ट २०१९’ अशी एक ओळ पुरे. या धंद्यातल्या प्रत्येकानं मंदी बघितलीय.

छोट्या युनिटात मुलाखत म्हणजे ट्रायलच. सुरक्षेचे बूट घालून जा, स्वतःचा व्हर्निअर असेल तर खिशात ठेवा. घाई करून पीस लवकर काढण्यापेक्षा ड्रॉइंग नीट वाचून एक प्रश्न विचारा. मालकाचं लक्ष तिथंच असतं. ट्रायल एका दिवसाची ठीक. आठवडाभर फुकट राबवून घेत असतील तर रोज किती ते विचारा.

पगार आधीपेक्षा कमी मिळाला तर घ्यायचा का? माझं मत, तीन महिने उलटले असतील आणि पीएफ-ईएसआय रीतसर असेल, तर दहा-पंधरा टक्के कमी घेऊन आत शिरा. नोकरीत असलेल्याला दुसरी नोकरी लवकर मिळते. पण पीएफ-ईएसआय नसलेली रोख पगाराची जागा वरून दोन हजार जास्त दिसली तरी ती कमीच आहे.

पैसे मागणारी नोकरी

नोकरीसाठी आधी डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे, ट्रेनिंग फी मागणारा भामटा समजा. मोबाइलवर येणारी घरबसल्या टायपिंगची कामं, व्हिडिओ लाइक करायची कामं, सगळी त्यातलीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येते. आखाती देशात पाठवणारा एजंट असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का बघा. पासपोर्ट कुणाच्या हातात ठेवून येऊ नका.

हातात वेळ आहे तोवर शिकायचं असेल तर

बेळगावातलं जीटीटीसी हे सरकारी प्रशिक्षण केंद्र टूल रूम आणि सीएनसीचे छोटे अभ्यासक्रम चालवतं, आयटीआयही आहेच. लेथवर हात बसलेल्या माणसाला प्रोग्रॅमिंग आलं की त्याची जातच बदलते. ग्रामीण भागातल्यांसाठी बँकांनी चालवलेली आरसेटीची केंद्रं आहेत, तिथलं प्रशिक्षण फुकट असतं.

भरपाईचे लाखभर हातात आले की गडी हॉटेल नाहीतर किराणा काढायला निघतो. माझी हात जोडून विनंती, सहा महिने थांबा. धंदा करायचाच तर आपल्या हातातला करा: फेटलिंगचं जॉबवर्क, जुन्या लेथवरचं टर्निंग, गेज दुरुस्ती. पहिलं गिऱ्हाईक पक्कं झाल्यावरच मशीन घ्या. मुद्रा कर्जाच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत मिळतात, पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान असतं, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. घराची रक्कम मात्र त्यात पूर्ण ओतू नका.

रुजू व्हायच्या दिवशी

नेमणूकपत्र मागा. ठेकेदारामार्फत घेत असतील तर ठेकेदाराचं नाव आणि पीएफ कोड लिहून घ्या. जुनाच यूएएन द्या. महिन्याभरानं पासबुक उघडून वर्गणी पडली का बघा, नसेल तर तेव्हाच विचारा, वर्षानं विचारून उपयोग नसतो.

मग संध्याकाळी ती वही काढा. ज्यांना ज्यांना काम बघायला सांगितलं होतं त्या सगळ्यांना फोन करून ‘लागलो’ म्हणून कळवा. मी एकतीस फोन केले होते, दोन संध्याकाळ गेल्या. आणि तुमच्या जुन्या डिपार्टमेंटमधला जो अजून डबा घेऊन तळ्याकाठी बसतोय असं तुम्हाला वाटतं, त्याचा नंबर नव्या सुपरवायझरच्या हातात द्या.